उधाणाचं गिऱ्हाईक

— फळीवर पाय देऊ नका हं, ओलांडून या, आत्ताच बसवलीय ती. हां, असे. कोट त्या वरच्या खुंटीवर अडकवा, खालची ढिली आहे. तर काय विचारत होतात? दाराच्या खाचेत ही फळी कशाला? मांजरासाठी. शेजारणीचं मांजर येतं आत. एवढी जाड फळी, तीही कडेनं चिकणमाती लिंपून, मांजरासाठी? — मोठं आहे मांजर. बसा, मिस्टर कोल्बी, बसा, बर्मिंगहॅमहून गाडी हाकत आलात, दमला असाल. टेबल जरा उंच वाटेल तुम्हाला, पायांखाली विटा आहेत ना — माझा नवरा उंच होता, सासरे उंच होते, म्हणून विटा. फ्रिजखालीही त्याचसाठी. आणि विजेची बटणं छातीएवढ्या उंचीवर आहेत कारण मला वाकवत नाही, कंबर धरते. गालिचा गुंडाळून जिन्यावर ठेवलाय तो झटकायला. तुमची नजर तीक्ष्ण आहे हो. आधी आलेल्यांच्या हे लक्षात यायला चहाचा दुसरा कप लागायचा — म्हणजे आधी फारसं कुणी आलं नाही म्हणा, घर तसं नुकतंच विकायला काढलंय. साखर किती?

आमची ती एजंटबाई, मिसेस रोस्कीली, फार हुशार बाई. घराचे फोटो काढायला आली ती बरोबर ओहोटीला. या खिडकीतून बघावं तर लांबच लांब वाळू, तिच्यावर दोन होड्या कलंडलेल्या आणि त्यापलीकडे एक निळी रेघ. जाहिरातीत लिहिलं, 'समुद्र नजरेच्या टप्प्यात'. आता नजरेच्या टप्प्यात तो आहेच, कधीकधी त्याचाही टप्पा जरा लांब पडतो एवढंच. आणि तुम्ही वार तरी कोणता काढलात — गुरुवार. मी फोनवर काही बोलले नाही. मी का बोलावं? परवा अमावास्या झाली, त्यात मार्च, दिवस-रात्र सारखे व्हायचे दिवस, म्हणजे वर्षातलं मोठ्यात मोठं उधाण, आणि वरून नैऋत्येचा वारा सुटलेला — हे तुम्हाला बर्मिंगहॅमला बसून कसं कळणार? आमच्या पोर्थनॅन्समध्ये भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय कुणी केस कापायलासुद्धा जात नाही. लग्न, बाप्तिस्मा, दाढदुखी — आधी कोष्टक. मागे एक नवे पाद्री आले, त्यांनी न बघता दफनविधी ठेवला. पेटी खांद्यावर घेतलेली माणसं धक्क्यावर गुडघाभर पाण्यात उभी, पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि सगळ्या गावात मयत मिस्टर बोसँको तेवढे कोरडे. पाद्रीबाबांनी बदली मागून घेतली.

तो आवाज? वारा आहे. तोही वाराच. आणि ते समोर टेकाडावर दिवे दिसतात ना, त्या मोटारी. बघे. थांबा, पडदा सारते. दिसल्या? बंदराच्या पलीकडे, कठड्याला लागून, प्रत्येकीचं नाक समुद्राकडे, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यागत. दुपारपासून जागा धरतात. आत एक म्हातारा, एक म्हातारी, मध्ये थर्मास, मांडीवर अंड्याचं सँडविच, काचा बंद, पाणी पुसायचे दांडे चालू — आणि एकमेकांशी शब्द नाही. लाट आली की म्हातारा म्हणतो, मोठी होती. म्हातारी म्हणते, मघाची मोठी होती. झालं संभाषण, आता पुढच्या लाटेपर्यंत सुट्टी. या किनाऱ्यावरची अर्धी लग्नं त्या थर्मासांवर टिकली आहेत. तिथे एक मिस्टर पासमोर असतात, बँकेत मॅनेजर होते, ते प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात. आजवर दहा कुणाला दिले नाहीत. अख्ख्या बंदराचा कठडा वाहून गेला त्या लाटेला साडेनऊ दिले, म्हणाले, सुधारणेला वाव ठेवला पाहिजे. आणि तरणी माणसं मोटारीत बसतच नाहीत, ती खाली धक्क्यावर येतात. आमची किनारा समिती आहे, तिचे अध्यक्ष कर्नल ट्रेमेन, ते पिवळी फीत बांधतात आणि पाटी लावतात — लाटांपासून दूर राहा. की लोक त्या पाटीला टेकून फोटो काढतात, कारण पाटी लावलीय म्हणजे इथेच चांगली येत असणार, साधा हिशेब आहे. मागच्या खेपेला लाटेनं पाटीच नेली. समितीची बैठक बसली, ठराव झाला की यापुढे पाटी समुद्रापासून सुरक्षित अंतरावर लावावी. आता ती खाटकाच्या दुकानासमोर आहे. आणि तो टीव्हीवाला — त्याला मागून दोघांनी कमरेला धरलेलं असतं आणि तो बोंबलून सांगत असतो, कृपा करून इकडे येऊ नका, घरीच थांबा. लोक घरी बसून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी तो हे कुठे उभा राहून म्हणाला ते बघायला येतात.

धरा. कप धरा. कप धरा म्हणते ना, मिस्टर कोल्बी —

झालं. काही नाही. धुराड्यावरून गेली. आत थेंब नाही बघा. बरं, थेंब आहे, पण तो खिडकीच्या फटीतला, त्याला मी धरत नाही. तो टॉवेल द्या इकडे. टाळ्या ऐकू आल्या का? वारा मध्येच पडला की येतात ऐकू. आमच्या धुराड्यावरून पाणी गेलं की टाळ्या वाजवतात ते लोक. मी इथे चुलीशी अंडं तळत असते आणि गाव टाळ्या वाजवतं. लाट नेमकी आमच्याच कोपऱ्यावर फुटते, त्याला मी काय करणार? घराचं चित्र कॅलेंडरवर छापलं, मार्च महिना म्हणजे आम्ही. ताटं पुसायच्या फडक्यावरसुद्धा छापलं. मला कुणी विचारलंही नाही. म्हणजे — एकदा तो फोटोवाला विचारायला आला होता, बाई, खिडकीत उभ्या राहाल का, माणूस दिसलं की लाटेची उंची कळते. मी म्हटलं, भलतंच काय. राहिले उभी. जरा डावीकडे वळून, डावीकडून माझी मान चांगली दिसते. फडक्यावर ठिपक्याएवढी आहे मी. पण आहे.

आता बघा, बघा हं — ती निळी मोटार, रांगेतली सगळ्यात उजवीकडची. आता दिवे मिचकावील. एक. दोन. बघितलंत? सरका जरा, मला बटणापाशी जाऊ द्या. बंद, चालू. बंद, चालू. झालं. काही नाही हो, ओळखीचे आहेत. एक गृहस्थ आहेत. मोठी लाट गेली की चौकशी करतात, ठीक आहे ना म्हणून, आणि मी कळवते, ठीक आहे. त्यात काय एवढं. कोण म्हणजे — नवरा. माझा नवरा. डेन्झिल. उंच होता म्हटलं म्हणून तुम्ही चेहरा पाडलात मघाशी, ते माझ्या लक्षात आलं होतं, पण म्हटलं कशाला तुमच्या सहानुभूतीत मोडता घाला. गेलेला नाही तो. गेला तो टेकडीवर.

नाही हो, घटस्फोट कसला. आमच्यात काही नाही. ग्लॅडिस वादळ आठवतं? हल्ली वादळांना माणसांची नावं देतात ना, म्हणे माणसं गंभीरपणे घेतात मग. माझी एक मामी होती ग्लॅडिस, तीही आली की कपाटं उपसून जायची, तिला कुणी गंभीरपणे घेतलं नाही. तर ग्लॅडिस आली तेव्हा डेन्झिल बसला होता तिथेच, तुम्ही बसलात तिथे, बूट काढून, टीव्ही बघत. आणि बूट निघाले तरंगत फ्रिजकडे. गुडघाभर पाणी या स्वयंपाकघरात — म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढं नव्हे, त्याच्या. म्हणजे हो, तो उंच आहे, तेव्हा तुमच्या मांडीला लागलं असतं. हे एजंटबाईला सांगू नका, तिला मी घोट्याएवढं सांगितलंय. पहाटे पाणी उतरलं तसा डेन्झिल उठला, आरामखुर्ची उचलली, टीव्ही उचलला, आणि म्हणाला, थेल्मा, मी जन्मभर बस चालवली, एकदाही गाडीत पाणी शिरू दिलं नाही. आता एक तर हे घर वर जाईल नाही तर मी वर जाईन. घर वर नेता येत नव्हतं. त्याची बहीण बेरिल वारली, तिचा बंगला आहे वरच्या आळीत, बसका, दुहेरी काचांचा. आत बसलं की थडग्यात बसल्यासारखं शांत. खिडकीतून काय दिसतं? समोरचा बंगला. समोरच्या बंगल्यातून काय दिसतं? बेरिलचा बंगला. मी रविवारी जाते, मटण भाजते, तो म्हणतो, छान झालंय — टीव्हीला म्हणतो. मी टीव्हीच्या वतीनं आभार मानते. ठरलंय असं, की हे घर विकायचं आणि ईस्टरच्या आत मी वर राहायला जायचं. मी हो म्हटलंय. कागदांवर सही केलीय. मी शब्दाची पक्की बाई आहे. गिऱ्हाइकंच भित्री निघतात, त्याला मी काय करू?

कोण कोण म्हणजे — आले दोन-तीन. पहिले दोघे लंडनचे, दोघेही दाढीवाले, फार गोड माणसं, हातात हात घालून आले. भिंतींना कोणता पांढरा द्यावा यावर भांडत होते. पांढऱ्याचेही प्रकार असतात म्हणे. दुसरी लाट आली आणि रंगाचा प्रश्न मिटला. मागच्या दारानं गेले, पायऱ्या चढून चर्चच्या गल्लीत, मागे वळून बघितलं नाही. मग एक डॉक्टरीणबाई. तिला मी चांगलं समजावून सांगितलं, म्हटलं, बाई, फळी बसवणं अगदी सोपं, माती मळायची, पावाची कणीक मळतो तशी, घट्ट, आणि कडेकडेनं भरायची. पहाटेच्या भरतीला गजर लावून उठायचं, ते फक्त हिवाळ्यात. आणि हिवाळा इथे जेमतेम एप्रिलपर्यंत असतो. तिनं चहासुद्धा संपवला नाही. मी काही खोटं बोलले नाही हं. ग्लॅडिसचं सांगितलं तेही तिनं विचारलं म्हणून. विचारलं नव्हतं, पण विचारणार होती, तोंडावर दिसत होतं. मग ते सेवानिवृत्त मास्तर, त्यांना मी माडीवरचा तडा दाखवला. तडा जुना आहे. तो बघूनही माणूस डगमगेना तेव्हा मी म्हटलं, थांबा जरा, पुढची लाट येऊ दे, तेव्हा तो कसा उघडमीट करतो बघा. — हो, तेही सगळे उधाणालाच आले होते. योगायोग.

असं बघू नका. बरं, योगायोग नव्हे. दिवस मीच दिले. मिसेस रोस्कीली म्हणते, थेल्मा, मंगळवारी दाखवू या, हवा छान आहे, समुद्र आरशासारखा आहे. मी म्हणते, मंगळवारी मला जमत नाही. आणि खरंच जमत नाही, ओहोटीला मला कामं असतात. तुम्ही मात्र स्वतःच गुरुवार म्हणालात, मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. मी म्हटलं, वा, काय गुणी गिऱ्हाईक आहे.

लग्न झालंय तुमचं? झालं होतं. बरं. मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. बस चालवणाऱ्या माणसाची सवय काय — समोर बघायचं. बाजूला कोण बसलंय तिकडे बघायचं नाही, तसा नियमच असतो. मी चाळीस वर्षं बाजूला. मला एकदा न्यूमोनिया झाला, आठवडाभर झोपून होते, तर हा दाराशी येऊन म्हणाला, थेल्मा, पाईचा वास येत नाहीये, आज पाई नाही वाटतं. तेवढीच चौकशी. वाईट माणूस नाही. मारलं नाही, प्यायला नाही, पगार टेबलावर ठेवला. पण बघितलं नाही. आणि आता? आता वादळाचा बावटा चढला की दुपारपासून त्या कठड्याशी येऊन बसतो. नीट बघा, त्या सगळ्या मोटारींची नाकं समुद्राकडे आहेत. त्याच्या मोटारीचं कुठे आहे? इकडे. या खिडकीकडे. सगळं गाव लाटेकडे बघतं आणि माझा नवरा माझ्याकडे. दिवसाला दोन भरत्या, दोन्हीला विचारतो, ठीक आहेस ना. मी कबूल करते, मला बरं वाटतं. फार बरं वाटतं. सत्तरीच्या बाईनं भरती यायच्या आधी तोंडाला पावडर लावायची, ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे? पण लावते. आणि वर गेले की काय होणार? तो शेजारी बसेल. शेजारी बसलेल्या माणसाकडे कोण बघतं, मिस्टर कोल्बी? मोटारीतल्या त्या म्हाताऱ्या बघितल्यात ना मघाशी — मांडीवर सँडविच घेऊन? — काय बोलत बसलेय मी. केशरपाव घ्या. घरात भाजलाय. घर तसं फार कोरडं आहे.

धरा. ही मोठी आहे, हिचा आवाज वेगळा आहे, टेबल धरा —

... बघितलंत? भिंत हलली ना? हलली, मी सांगते ना. आता तुम्हाला निघावंसं वाटत असेल तर मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही, मागचं दार तिकडे — हसताय? मिस्टर कोल्बी, तुम्ही हसताय? खिडकीपासून मागे व्हा, काच आहे ती. त्यात भिजलात केवढे. मजा कसली? तडा दाखवू का माडीवरचा? तडा नकोय? वर कुबट वास येतो, समुद्रशेवाळाचा, कपड्यांत बसतो, जाता जात नाही — आवडतो? कुणाला आवडतो असला वास? ... घ्यायचंय? असं कसं घ्यायचंय, अजून न्हाणीघर बघितलं नाहीत. भाव न करता? ... आठवड्याच्या भाड्यानं द्यायचं? कुणाला? लाटा बघणाऱ्यांना. इथे. माझ्या स्वयंपाकघरात थर्मास घेऊन. ही भिंत पाडून सगळी काचच काच, आणि वादळाच्या आठवड्याला भाडं दुप्पट. आणि शांत हवा असली तर पैसे परत? अहो, पूर्वी लोक वादळात घर मिळावं म्हणून देवाची करुणा भाकायचे, आता घरात वादळ मिळावं म्हणून भाडं भरणार. अति झालं आणि हसू आलं, दुसरं काय.

पण मला एक सांगा. तुम्हाला भीती कशी वाटली नाही? नव्या माणसाला वाटते. पहिल्या लाटेला तर वाटतेच, मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटली होती. ... सांगितलं होतं? काय सांगितलं होतं? फळीचं? विटांचं? मांजराचंसुद्धा? आणि केशरपावाचं — 'चहा देईल, पाव देईल, मग ग्लॅडिसचं सांगेल, मग तडा दाखवील, तुम्ही खुर्ची सोडू नका' — हे तुम्हाला कोण म्हणालं?

निळ्या मोटारीतले. टोपीवाले.

जानेवारीत तुम्ही लाटा बघायला आलात आणि त्याच्या शेजारी गाडी लावलीत. आणि त्यानं काच खाली केली? डेन्झिलनं? अनोळखी माणसाशी बोलायला? वाऱ्यात? आणि विचारलं, हे घर आतून बघायचंय का. ... गुरुवारसुद्धा त्यानंच सांगितला. 'तुम्ही गुरुवार म्हणा, ती वाद घालणार नाही, लगेच हो म्हणेल.' — आणि मी म्हटलं. लगेच. वर तुम्हाला गुणी म्हटलं.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. दाढीवाले, डॉक्टरीण, मास्तर, एकेक जण मागच्या पायऱ्या चढून पळताना तिथून दिसत असणार, हो, दिसतात त्या पायऱ्या तिथून. मला वाटलं, मला बघतोय. हा माझ्यावर नजर ठेवून होता. बघणं वेगळं आणि नजर ठेवणं वेगळं, मिस्टर कोल्बी. आणि डोकं किती चालवलं बघा — पळणार नाही असं गिऱ्हाईक हवं, तर ज्याला बुडायचीच हौस आहे असं शोधून काढलं. बसवाला म्हणून हसायची मी त्याला. नाही, चहा राहू दे. मला वाटलं होतं मला राग येईल. राग नाही आला. वाईट वाटतंय. इतक्या भरत्यांना पावडर लावली मी.

आणखी काय म्हणाला? काही तरी म्हणाला, तुम्ही शब्द गिळताय. सांगा. ... 'पहाटेच्या भरतीला उठून येतो, आता डोळे दमले.' आणि? ... परत सांगा. सावकाश सांगा. 'तिथून दिवा दिसतो, पण दिव्याच्या मागे ती आहे की नाही, ते दिसत नाही. बटण दाबायला हात उशिरा आला की तेवढा वेळ मी मेलेला असतो.' — हे डेन्झिल म्हणाला? आमचा डेन्झिल? एवढं लांब वाक्य तो माझ्याशी लग्नाच्या शपथेत बोलला होता, तेही पाद्रीबाबांनी तोडून तोडून सांगितलं म्हणून. आणि हे तुम्हाला सांगितलं. या मोटारीतून त्या मोटारीत. मला सांगायचं ना. मला का नाही सांगितलं? दर रविवारी मटण भाजते मी तिथे.

बघा, मिचकावतोय. दोनदा. नाही, तुम्ही बटणाला हात लावायचा नाही. विचारू दे. चाळीस वर्षं मी विचारत होते, तेव्हा कोण उत्तर देत होतं? ... परत मिचकावले. विचार म्हणावं. उलट मी दिवाच बंद करते. हा घ्या, केला. अंधारात बसू या जरा, कप आहे ना हातात? काय करणार आहे तो? तिथून काय करता येतं? काच पुसेल. नवा चहा ओतेल. ... आता लागोपाठ मिचकावतोय, मोजता येत नाही. बघा, शेजारच्या मोटारीतला पासमोर खिडकी खाली करून बघायला लागला. द्या म्हणावं गुण.

थांबा. आतला दिवा लागला मोटारीत. दार उघडलं त्यानं. कशाला उघडतोयस, वारा उखडून नेईल दार — टोपी गेली. जाऊ दे टोपी. टोपीमागे जाऊ नकोस. नाही, नाही गेला. खाली उतरतोय. वरच्या गल्लीनं येत असेल, पायऱ्यांनी, शहाणा आहे तसा — नाही हो, धक्क्याकडे वळला. समोरून कशाला, अजून पाणी चढतंय वर, वरच्या गल्लीनं ये ना, काठी कुठे आहे तुझी? काठी मोटारीत ठेवून आला. तळ झिजलेत त्या बुटांचे, शंभरदा सांगितलं बदल म्हणून. कर्नल ओरडताहेत त्याच्यावर, हात आडवे करताहेत. ओलांडली फीत. कर्नलकडे बघितलंसुद्धा नाही, नाकासमोर चाललाय, बस हाकतो तसा. आता तिथे धक्क्यावर दिवा नाही, आमच्याच खिडकीचा उजेड पडतो तिथे — दिवा लावा. मिस्टर कोल्बी, दिवा लावा, तुमच्या खांद्यापाशी आहे बटण, लावा हो. हां. राहू दे तसाच. कठडा धर, डेन्झिल. कठडा धर. खाली बस, येतेय एक, खाली बस —

... उठला. उठला ना? उठलाय. भिजलेल्या बोक्यासारखा दिसतोय. परत चालायला लागला, इकडेच येतोय. सगळी माणसं उतरलीत मोटारींतून. समुद्राकडे कुणी बघत नाहीये.

फळीचं ते टोक धरा. माती फोडा बोटांनी, ओढा वर, जोरात. पाणी येईल आत, येऊ दे, विटा कशासाठी आहेत? ठेवा तिकडे. आता तुम्ही निघा. मागचं दार दमटपणानं फुगलंय, खांदा लावून ढकला. घराचं? घराचं आज नाही. उद्याही मला फोन करू नका. जो येतोय त्याच्याशी मला आधी बोलायचंय, आणि त्याला बोलायला फार वेळ लागतो. हा तुमचा कोट. आणि मिस्टर कोल्बी, वर पायऱ्यांवर थांबून बघत राहू नका. बघण्यासारखं काही नाहीये इथे. जा.